आधी पोहोचण्याची वेळ

मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल भरते. नऊ-दहा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून नवरा-बायको दोघेच हा प्रवास करायला निघतात, तेव्हा तयारीचा बहुतेक वेळ नौकेवर जातो. शिडे, दोर, नांगर, इंजिन, पाण्याची टाकी सगळे तपासून होते आणि मग पहाटे केव्हा तरी निघायचे असे ठरते. ही तयारी हवीच. पण किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरे घेत जाणाऱ्या दोघांच्या प्रवासात सर्वांत आधी ठरवायची गोष्ट निराळी असते. पुढच्या बंदरात आपण किती वाजता शिरणार, हे आधी ठरवावे आणि त्यावरून उलटे मोजत निघण्याची वेळ काढावी. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते. प्रत्यक्षात वारा, भरती-ओहोटी, उजेड आणि दोन माणसांची झोप या चारही गोष्टी त्या एका तासाशी बांधलेल्या असतात, आणि तो तास चुकला तर उत्तम नौका आणि उत्तम हवामान असूनही प्रवास संकटात येतो.

यामागचे पहिले कारण असे, की नौकेला धोका असतो तो मुख्यतः जमिनीपासून. फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोआतेसिए आणि त्याची पत्नी फ्रान्स्वाज यांनी १९६५-६६ मध्ये ‘जोशुआ’ या नौकेतून ताहितीहून केप हॉर्नला वळसा घालून स्पेनपर्यंत चौदा हजारांहून अधिक सागरी मैलांचा प्रवास वाटेत कुठेही न थांबता १२६ दिवसांत केला. दक्षिण महासागरातल्या अक्राळविक्राळ लाटांनी त्या नौकेचे काही बिघडवले नाही. तीच ‘जोशुआ’ डिसेंबर १९८२ मध्ये मेक्सिकोतल्या काबो सान लुकासला नांगरून उभी असताना वादळात सापडली आणि इतर अनेक नौकांबरोबर किनाऱ्यावर फेकली गेली. मोआतेसिएने त्याआधी गमावलेल्या दोन नौकाही किनाऱ्यावरच आपटल्या होत्या. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या जोशुआ स्लोकमची ‘स्प्रे’ १८९५ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या वाळूत रुतली, तेव्हा तोही किनाऱ्याला फार चिकटून चालला होता. आपल्याकडची उदाहरणे तर घरोघरी माहीत आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून काही मैलांवर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीजवळ आसऱ्याला थांबलेले ‘बसरा स्टार’ हे मोठे जहाज वाहत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला लागले. खोल समुद्र निर्धोक असतो असे मला म्हणायचे नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात अभिलाष टॉमी यांची नौका उलटली आणि पाठीला जबर दुखापत होऊन ते अडकून पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तसा समुद्र चाळिशीच्या आसपासच्या आणि पलीकडच्या अक्षांशांवर भेटतो. कोकणासमोर हिवाळ्यात तो भेटत नाही. इथे जे भेटते ते खडक, वाळूचे दांडे, जाळी आणि उथळ पाणी, आणि हे सगळे बंदराच्या तोंडाशी एकवटलेले असते.

लाट उथळ पाण्यात आली की तिचे रूप बदलते. आठ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात साधारण शंभर मीटर लांब असते, आणि तिच्या लांबीच्या निम्म्याहून कमी खोली लागली की ती तळाला ‘जाणू’ लागते. म्हणजे पन्नास मीटर खोलीपासूनच तिचा वेग कमी होऊ लागतो. पुढे ती आखूड आणि उभी होत जाते, आणि तिची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांशांपर्यंत पोहोचली की फुटते. बाणकोट, दाभोळ, पूर्णगड अशा नदीमुखांशी नदीने आणलेली वाळू साचून दांडे होतात आणि दरवर्षीच्या पावसाळ्यात त्यांची जागा थोडीफार बदलते. अशा दांड्यावर दोन मीटर पाणी असेल तर दीड मीटरची लाट तिथे फुटणारच, आणि दीड मीटर डूब असलेली नौका त्या दोन लाटांमधल्या खळग्यात तळाला टेकणार. त्यात ओहोटी जोरात चालू असेल तर खाडीतून बाहेर येणारा प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांना आणखी आखूड आणि उभ्या करतो. बाहेर ज्या समुद्रावर चहाचा पेला हातात धरून बसता येते, त्याच समुद्राचे मुखाशी असे रूप होते. तीन तासांनी भरती लागल्यावर तेच मुख शांत दिसते. जागा तीच, नौका तीच, फक्त वेळ वेगळी.

आता यात ‘दोघे’ हा भाग मिळवा. मोकळ्या समुद्रात शिडे एकदा लावली की नौका सांभाळायला एक माणूस पुरतो आणि दुसरा झोपू शकतो. एरिक आणि सुझन हिस्कॉक यांनी १९५२ ते १९५५ या काळात तीस फुटी ‘वाँडरर ३’मधून पृथ्वीप्रदक्षिणा केली. लिन आणि लॅरी पार्डी यांनी तर इंजिन नसलेल्या, पंचवीस फुटांहूनही लहान ‘सेराफिन’मधून वर्षानुवर्षे प्रवास केला. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी ‘तारिणी’मधून गोव्यापासून गोव्यापर्यंत जगाला फेरी मारून आल्या. दोन माणसे अपुरी पडतात असे म्हणायला मुळीच जागा नाही. पण बंदरात शिरताना एक माणूस पुरत नाही. एकाने सुकाणू धरायचे, त्याच वेळी कुणी तरी शीड उतरवायचे, नाळेवर उभे राहून जाळ्यांचे बोये आणि खडक पाहायचे, खोली वाचून सांगायची, नांगर मोकळा करायचा. चार-पाच जणांच्या नावेत ही कामे वाटली जातात. दोघांच्या नावेत दोघेही जागे, दोघेही तरतरीत आणि दोघेही डेकवर लागतात. म्हणजे ज्या क्षणी नौका सर्वांत अडचणीच्या जागी असते, त्याच क्षणी तिच्यावरचा एकही माणूस राखीव नसतो. आणि हा क्षण प्रवासाच्या शेवटी, दोघेही सर्वांत दमलेले असताना येतो. थकव्याला इथे मोठेपणाने हसून बाजूला सारण्याची आपल्याकडे फार सवय आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगात, सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसांची हात-डोळ्यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसांइतकी ढासळलेली दिसली. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला उठून रात्री नऊला अनोळखी खाडीत शिरणारे जोडपे रस्त्यावर असते आणि हीच मोजपट्टी थकव्याला लावली असती, तर त्याला गाडी चालवता आली नसती.

यावर अनुभवी लोकांकडून एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, मग बंदरेच घेऊ नका. वीस मैल बाहेर जा, सरळ दक्षिणेची दिशा धरा, साडेचार नॉटच्या चालीने पन्नास तासांत मार्मागोवा गाठा. मुख एकदाच लागेल, धोकाही एकदाच. पाच-सहा जणांच्या नावेसाठी हा सल्ला बरोबर आहे. दोघांसाठी त्यात एक खोच आहे. तीन तास पहारा, तीन तास झोप या फेऱ्याला शरीर सरावायला दोन-तीन दिवस लागतात, असे लांबच्या प्रवासाला जाणारे बहुतेक सगळे सांगतात. सुरुवातीच्या दोन रात्री सर्वांत वाईट जातात. महासागर ओलांडणाऱ्याला पुढे सरावाचे आठवडे मिळतात. पन्नास तासांच्या प्रवासात मात्र त्या दोन वाईट रात्रीच काय त्या असतात, आणि त्यांच्या अखेरीस बंदर उभे असते. शिवाय वीस मैलांवरही समुद्र रिकामा नसतो. ट्रॉलर तिथे रात्रभर जाळी ओढत फिरतात, मुंबईकडे येणारी-जाणारी मोठी जहाजे असतात, आणि त्यामुळे पहारेकऱ्याला डोळा मिटायची सोय नसते. तेव्हा सरळ जाणाऱ्यांनी जरूर जावे, पण ‘लवकर उरकते’ एवढ्या कारणासाठी दोघांनी तो मार्ग घेऊ नये असे मला वाटते.

बंदरे घेत जायचे ठरले, की कोकणचा किनारा स्वतःच तास सुचवतो. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तो दहाच्या सुमारास मरतो, मध्ये तास-दोन तास समुद्र निपचित पडतो, आणि दुपारपासून वायव्येचा खारा वारा भरतो. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही वारे मानवतात. मतलई डाव्या बाजूने येतो आणि त्यात लाट उठत नाही, कारण तो जमिनीवरून आलेला असतो. खारा वारा उजव्या बाजूला मागून येतो आणि चाल वाढवतो. मधल्या निपचित वेळेपुरते इंजिन चालवावे लागते. (गोव्याहून मुंबईला येणाऱ्याचे गणित वेगळे, कारण दुपारचा सगळा वारा त्याच्या तोंडावर असतो.) दुसरा मुद्दा उन्हाचा. हा किनारा पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे बंदरात शिरताना तोंड पूर्वेला. सकाळी सूर्य डोळ्यांत असतो आणि पाण्यावर नुसती चकाकी दिसते. दुपारी दोननंतर तो पाठीशी येतो, आणि मग पाण्याखालचा खडक तपकिरी दिसतो, वाळू फिकट दिसते, जाळ्याचे बोये मैलावरून मोजता येतात. संध्याकाळी सहानंतर मात्र सवलत नाही. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश पंचवीसेक मिनिटांतच संपतो. तेव्हा दुपारी दोन ते साडेचार ही शिरायची खिडकी झाली.

राहिली भरती. तिच्यासाठी आपल्याकडे एक जुना हिशेब आहे आणि तो अजून खरा ठरतो. तिथीचा अंक घ्यावा आणि त्याचे तीन चतुर्थांश करावेत, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, दशमीला साडेसात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि तिथीमागे पाऊण तास धरला की त्याच्या जवळपास येते, म्हणून हा ठोकताळा चालतो. तो मुंबईसाठी चांगला लागू पडतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरी-मालवणकडे वेळ काहीशी अलीकडे येते. नेमकी वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावीच, पण बेत आखायला तिथी पुरते. आता खिडकीशी ताडून पाहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर असते, म्हणजे दोन ते साडेचार या वेळात ओहोटी अगदी भरात, आणि तीही उधाणाची. समुद्राकडून वायव्येचा वारा आणि लाट, आतून बाहेर पडणारे पाणी. वर सांगितलेले वाईट मुख ते हेच. पंचमीपासून दशमीपर्यंत मात्र त्या वेळात पाणी चढते असते, किंवा निदान नुकते टेकलेले असते. अष्टमीच्या आसपास भांग असल्याने प्रवाहही मवाळ असतो. चढत्या पाण्याचा आणखी एक फायदा असा, की नौका वाळूला टेकलीच तर अर्ध्या तासात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकलेली नौका पुढच्या भरतीपर्यंत तिथेच कलंडून पडते.

पंचमी ते दशमी हे सहा दिवस होतात आणि मुंबई ते गोवा या वाटेचे सहा टप्पेही बरोबर पडतात. नकाशावर अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण धावतो, त्यामुळे अक्षांशांची वजाबाकी केली तरी अंतराचा अंदाज येतो. मुंबई ते मुरुड-जंजिरा ३७, तिथून दाभोळ ४३, दाभोळ ते रत्नागिरी ३५, रत्नागिरी ते विजयदुर्ग २७, विजयदुर्ग ते मालवण ३१, मालवण ते मांडवीचे मुख ३९. साडेचार नॉटला सर्वांत लांब टप्पा साडेनऊ तासांचा. दाभोळला अडीचला शिरायचे तर जंजिऱ्याहून पहाटे पाचला नांगर उचलावा लागतो, म्हणजे अंधारात. यात विसंगती वाटेल, पण नाही. आदल्या दिवशी उजेडात आत येताना जी वाट घेतली, तीच उलटी धरून बाहेर पडता येते आणि ती नोंदलेली असते. अनोळखी जागी अंधारात शिरणे आणि ओळखीच्या वाटेने अंधारात निघणे यांत फार फरक आहे. फक्त रात्रीत नवे जाळे पडलेले नाही ना, एवढे टॉर्चने पाहत जावे. विजयदुर्गचा टप्पा मुद्दाम छोटा ठेवावा. वाघोटण खाडीच्या तोंडाशी पाणी खोल आहे, आसरा चांगला आहे, आणि दोघांना जास्तीची झोप मिळते. पुढचे मालवण तसे नाही. सिंधुदुर्गाभोवती खडकांची जी रांग आहे, ती शत्रूच्या जहाजांना आत येऊ देत नाही म्हणूनच १६६४ मध्ये त्या बेटाची किल्ल्यासाठी निवड झाली. वाट माहीत नसलेल्या मित्रालाही ती रांग तेवढीच आडवी येते. तिथे डोक्यावर ऊन हवे आणि नाळेवर माणूस हवा.

आजच्या काळात या सगळ्याची गरज काय, असे विचारले जाते. उपग्रह जागा मीटरपर्यंत सांगतो, नकाशा पडद्यावर दिसतो, इंजिन आहे. उपग्रह आपली जागा अचूक सांगतो हे खरे. पण नकाशातली खोली ज्या दिवशी मोजली त्या दिवशीची असते, आणि वाळूचा दांडा त्यानंतर किती पावसाळे सरकला हे पडदा सांगत नाही. डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय नकाशे काढते ते मुख्यतः मोठ्या जहाजांच्या वाटांसाठी, आणि छोट्या खाडीच्या मुखाशी मोजणी विरळ असते. जाळी तर कुठल्याच नकाशात नसतात. रायगडच्या किनाऱ्यापर्यंत खुंटांवर ताणलेली डोलजाळी असतात, पुढे दक्षिणेला वाहती दालदी जाळी, आणि त्यांचा बोया म्हणजे कित्येकदा एक रिकामा प्लास्टिकचा कॅन. रात्री तो दिसत नाही. जाळे पंख्यात गुंतले की ज्या इंजिनाच्या भरवशावर आलो ते बंद, आणि वायव्येचा वारा नौकेला किनाऱ्याकडे ढकलू लागतो. तासाला एक मैल वाहत गेलो तरी मुखापाशी हाती पंधरा मिनिटे असतात, तर पाच मैल बाहेर असताना पाच तास. शिवाय ते जाळे कुणाची तरी कमाई असते आणि ते कापून निघून जाणे हा अन्याय आहे. उजेडात प्रवास करण्याचे हेही एक कारण मानायला हवे.

दुसरा आक्षेप मच्छीमारांकडे बोट दाखवतो. हर्णैचे, मिरकरवाड्याचे तांडेल रात्री-अपरात्री, ओहोटीत, अंधारात आत-बाहेर करतातच ना? करतात. पण त्यांच्या नावेवर चार-सहा खलाशी असतात, तिची डूब कमी असते, आणि तो दांडा त्यांनी काल, परवा, तेरवा ओलांडलेला असतो. पाहुण्या नौकेकडे यातले काहीच नसते. तेवढेच धाडस करायचे तर तेवढेच ज्ञान हवे, आणि ते मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे मुखाबाहेर दिसणाऱ्या नावेला हात करून विचारणे. कोकणात अशा प्रश्नाला कुणी टाळत नाही. बहुतेकदा ‘आमच्या मागून या’ असेच उत्तर येते.

आणि एवढे करूनही उशीर होतोच. वारा पडतो, शीड फाटते, कुणाला तरी समुद्र लागतो. अशा वेळी दोघांच्या नावेत एक अडचण अशी असते, की एकाला आत जायचे असते आणि दुसऱ्याला भीती वाटते, पण इतक्या जवळ येऊन नको म्हणायचा संकोच होतो. म्हणून हा निर्णय सकाळीच, दोघेही ताजे असताना करून ठेवावा: अमुक वाजेपर्यंत मुखाशी आलो नाही तर आत जायचे नाही, मग दिवे कितीही जवळ दिसोत. दोघांपैकी जो ‘नको’ म्हणेल त्याचे ऐकायचे, हेही तेव्हाच ठरवावे. बाहेर थांबणे वाटते तेवढे कठीण नाही. पाच-सहा मैल बाहेर जाऊन पुढचे शीड उलट्या बाजूला ताणून आणि सुकाणू बांधून नौका जवळजवळ स्थिर करता येते. मध्यरात्रीनंतर मतलई सुटला की ती किनाऱ्यापासून दूरच सरकते, जवळ येत नाही. एकाने जागायचे, एकाने झोपायचे, आणि सकाळी ऊन डोळ्यांवरून वर सरकेपर्यंत थांबायचे. शेवटच्या टप्प्यावर तर आणखी एक सोय आहे. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळू आहे आणि अंधारात तिथे जाऊ नये. पण तिथून चार-पाच मैल दक्षिणेला मार्मागोवा आहे. मोठ्या जहाजांचे ते बंदर आहे, पाणी खोल आहे, वाट दिव्यांनी आखलेली आहे, आणि उशीर झालेल्या दोघांना तिथे रात्रीही जाता येते.